शेवग्याखालची बाज

लग्न होऊन मी शहापुरात आले तेव्हा मामंजी माझ्याशी बोलत नसत, आणि मी त्यांच्याशी. त्यात राग-रुसवा काही नव्हता. आमच्या विणकरांच्या गल्लीत रीतच तशी होती. सासरा समोर आला की सुनेनं पदर सारखा करायचा, पाण्याचा तांब्या उंबऱ्याशी ठेवायचा आणि आत व्हायचं. त्यांना काही हवं असलं तर ते आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगत आणि आत्याबाई मला सांगत. मी तिथंच उभी असले तरी.

मी मामंजींना ओळखत होते ते त्यांच्या मागाच्या आवाजावरून. सोप्यात दोन माग होते, जमिनीत खड्डा करून बसवलेले. एकावर मामंजी, दुसऱ्यावर हे. ह्यांचा हात जलद होता, पण मध्येच थांबायचा. मामंजींचा धोटा ताण्याच्या उभ्या सुतांतून एका लयीत जायचा आणि दिवसभर ती लय मोडायची नाही. मी ट्रेनिंग झालेली मास्तरीण. बेळगावात मुलींच्या शाळेत शिकवायला जायचे. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. आत्याबाई म्हणायच्या, "आमची सून रोज परमुलखात जाती." त्यांना माझी नोकरी पसंत नव्हती. अजून मूलबाळ नाही, त्यात सून पायात चपला घालून भर गल्लीतून जाते, हे त्यांना विहिरीवर ऐकून घ्यावं लागे. मामंजींना काय वाटत होतं ते मला कळायची सोयच नव्हती.

एका उन्हाळ्यात निपाणीच्या बाजारात लुगडी पोचवून मामंजी बैलगाडीनं परत येत होते. तवंदीच्या घाटात गाडी कलंडली आणि ते खाली आले. कमरेखालचं हाड मोडलं. हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या, लेप दिले, तीन महिने पडून राहायला सांगितलं. हाड सांधलं, पण वाकडं सांधलं. पाय मागाच्या खड्ड्यात सोडता येईना. एकदा ह्यांनी आणि शेजाऱ्यानं धरून त्यांना मागावर बसवून पाहिलं. खालच्या पावडीवर पाय दाबला आणि त्यांच्या तोंडातून असा आवाज निघाला की आत्याबाई आतून धावत आल्या. त्यानंतर त्यांनी मागाचं नाव काढलं नाही. आवाज कानावर नको म्हणून स्वतःची बाज परसात टाकायला लावली.

आमचं परस लहान होतं. आड, आडाशेजारी शेवग्याचं झाड, त्याला टेकून वाढलेली जास्वंद, आणि कडेला मागाच्या छपराची कौलं. बाज शेवग्याखाली टाकली. मामंजी भिंतीकडं तोंड करून पडत. जेवण नेलं की अर्धं ठेवत. आत्याबाई बाजेजवळ बसून कांड्या भरत, म्हणजे बाण्याचं सूत रहाटावर गुंडाळत, आणि एकट्याच बोलत. ते उत्तर देत नसत.

त्याच श्रावणात आमच्या शाळेत एक गृहस्थ आले. जंगलखात्यातून निवृत्त होऊन टिळकवाडीत राहत होते. सगळे त्यांना साहेब म्हणत, पण माणूस साधा, सायकलवरून हिंडणारा. ते आणि त्यांचे चार-दोन मित्र मिळून एक उद्योग करत होते. खानापूरच्या रानापासून निपाणीच्या माळापर्यंत कुठल्या फुलावर कुठली माशी, कुठला भुंगा, कुठलं पाखरू येतं, कुठल्या महिन्यात येतं आणि कधी येईनासं होतं, हे त्यांना पाहायचं होतं.

"आम्ही चार म्हातारे सगळीकडं पुरे पडणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही आपापल्या दारातलं एक झाड धरा. रोज थोडा वेळ बसा. जे दिसेल तेवढंच लिहा. आणि काहीच आलं नाही, तर आलं नाही असं लिहा. ते लिहायला मात्र विसरू नका."

हेडबाई तोंडाला पदर लावून हसल्या. बाकीच्या बाया म्हणाल्या, आम्हाला घरचं आवरता नाकी नऊ येतात. मी कागद घेतला. मला किडामुंगीची फार आवड होती असं नाही. पण घरी शेवगा होता, आणि त्याच्याखाली दिवसभर एक माणूस होता, हे माझ्या मनात लगेच आलं. त्या माणसाशी बोलायचं कसं, हे मात्र घरी पोचेपर्यंत सुचलं नाही.

शेवटी मी आत्याबाईंना मधे घातलं. परसात त्यांच्याशेजारी उभी राहून म्हटलं, "आत्याबाई, मामंजींना विचारा, शेवग्यावर काय काय येतं ते जरा बघून ठेवतील का. शाळेत एका साहेबांनी सांगितलंय."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग बाजेकडं वळल्या. "आवं, ऐकलं का? शेवग्यावर काय येतंय ते बघा म्हनती. सायबानं सांगितलंय."

मामंजींनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. "तिला सांग, माग गेला, आता भुंगं राखायला बसवा मला."

"भुंगं राखायला बसवा म्हनत्यात," आत्याबाईंनी मला सांगितलं.

 मी कागद आडाच्या कट्ट्यावर दगडाखाली ठेवला आणि चुलीकडं गेले. आपण उगाच त्यांच्या दुखण्यावर बोट ठेवलं असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, पाय धुवायला परसात गेले, तर मामंजींनी आत्याबाईंना आतून बोलावलं. त्या आल्या. मामंजी उताणे पडले होते, डोळे वर.

"तिला सांग, काळा भुंगा आलाता. जाडजूड. सकाळी आला, परत दुपारी आला."

"काळा भुंगा आलाता म्हनं."

"आणि त्यो एक न्हाय. दोन असत्याल. एकाच्या पाठीवर पिवळी पूड हुती, दुसऱ्याच्या न्हवती."

"दोन असत्याल म्हनं."

मी कागद काढला आणि लिहिलं. त्यानंतर हे रोजचंच झालं. मामंजींना लिहिता येत नसे आणि मी येईपर्यंत ध्यानात राहावं म्हणून त्यांनी बाजेच्या दोरीला सुताचे तुकडे बांधायला सुरुवात केली. घरात रंगीत सुताला तोटा नव्हता. काळ्या भुंग्याला काळं, मधमाशीला पिवळं, फुलपाखराला पांढरं, आणि जास्वंदीवर लोंबकळून चोच घालणाऱ्या त्या चिमुकल्या निळ्याकाळ्या पाखराला निळं. संध्याकाळी मी तुकडे सोडवायचे आणि आत्याबाईंच्या तोंडून एकेकाचा वृत्तान्त ऐकायचे.

कधी दिवसभर पाऊस असे. मग मामंजींना सोप्यात घेत, तिथून ते दाराच्या चौकटीतून झाडाकडं पाहत. अशा एका दिवशी ते म्हणाले, "आज काय न्हाय. तरी लिव्हायचं?"

"तरी लिव्हायचं का म्हनत्यात."

"हो, लिहायचं. काही आलं नाही असं."

ते पुन्हा पावसातल्या झाडाकडं वळले. मग म्हणाले, "बरं हाय की. कायच न्हाय झालं, ती बी कुनाला तरी पायजे."

भाद्रपदातली गोष्ट असेल. त्या दिवशी मामंजींकडं सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि माझ्याकडं विचारण्यासारखं. माशी फुलात बसली की वरच्यावर गेली? पाखरू एकटं होतं की जोडीनं? आत्याबाई रहाट फिरवता फिरवता एकदा इकडं तोंड करत, एकदा तिकडं. मध्येच सूत तुटलं. त्यांनी कांडी खाली आपटली.

"तुमचं तुमी बोला की! मी काय तार हाय व्हय मधी? हिकडचं तिकडं, तिकडचं हिकडं! सूत तुटाया लागलं माजं."

 मला हसू आवरेना, म्हणून मी मान खाली घातली. मामंजी खाकरले.

"जोडीनं हुतं," ते म्हणाले. आत्याबाईंकडं न बघता, सरळ माझ्याकडं बघून. "मादी मळकट असती. तिला रंग न्हाय."

"लिहिते, मामंजी," मी म्हटलं.

माझ्या लग्नानंतर आम्ही एकमेकांशी बोललेली ती पहिली वाक्यं. आत्याबाईंनी तुटलेल्या सुताला गाठ मारली आणि पुन्हा रहाट धरला. संध्याकाळी भाकरी थापताना त्या मला म्हणाल्या, "विहिरीवर सांगू नगंस." त्यांच्या चेहऱ्यावर राग मात्र नव्हता. त्या दिवशी मामंजींच्या ताटात काही उरलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास शेवग्याला पुन्हा थोडा बहर आला आणि मामंजींनी एक नवं पाखरू पाहिलं. तेवढंच चिमुकलं, तशीच वाकडी चोच, पण पोटाला पिवळट आणि गळ्यापासून खाली एक काळी पट्टी. निळंकाळं मात्र दिसेनासं झालं. मामंजींनी या नव्याला पिवळं-काळं असं पिळाचं सूत लावलं आणि मी कागदावर वेगळ्या ओळीत लिहिलं. निळ्याकाळ्याच्या ओळीत रोज 'आला नाही'. मामंजींचं म्हणणं असं, की पट्टीवाल्यानं येऊन त्याला हुसकून लावलं.

दिवाळीत साहेब कागद न्यायला आमच्या घरी आले. एवढा मोठा माणूस आमच्या परसात आला म्हणून आत्याबाईंची धांदल उडाली. त्यांनी पाट मांडला, त्यावर घोंगडी घातली. साहेब पाटावर बसले, सुताचे तुकडे निरखून पाहिले, कागद वाचला आणि मामंजींना म्हणाले, "छान केलंय. फक्त हे दोन पक्षी म्हणजे एकच."

"एकच कसा?"

"हा शिंजीर. नराचा निळा रंग विणीच्या दिवसांपुरता. ते दिवस सरले की तो पिसं टाकतो आणि असा दिसायला लागतो. हिवाळा संपता संपता पुन्हा निळा होईल."

मामंजी बाजेवर कोपरावर उठून बसले. इतक्या दिवसांत त्यांना कुणाशी वाद घालताना मी पाहिलं नव्हतं. "न्हाय, सायेब. रंग आमाला नवा न्हाय. रंग उतरतो तवा समदा उतरतो. मधी बरोबर एक पट्टी ठिवून उतरत न्हाय. ही दोन पाखरं हायत."

मला वाटलं साहेब आता काहीतरी समजावणीचं, वरच्या आवाजात बोलतील. ते हसले. "बरं. माझं ऐकू नका. इथंच आहात ना? तुम्हीच बघा. तो पक्षी तुमच्याच दारात आहे."

साहेब गेल्यावर मामंजी मला म्हणाले, "मानूस भला हाय. पर चुकतोय."

मग तो सगळा हिवाळा आमच्या घरात त्या पाखरावर नजर होती. हेही मागावरून उठून परसात येत आणि विचारत, "झाला का निळा?" आत्याबाई साहेबांच्या बाजूच्या होत्या, कारण साहेबांनी त्यांचा चहा पुन्हा मागून घेतला होता. मामंजी शेकोटीची राख निवायच्या आत तोंड धुऊन बाजेवर बसत. पौषातल्या एका सकाळी मी शाळेला निघण्याच्या गडबडीत होते, तेवढ्यात परसातून हाक आली. मोठ्यानं नव्हे, दबक्या आवाजात. "पोरी, ये हिकडं. हळू ये."

जास्वंदीवर पट्टीवालं पाखरू होतं. पट्टी होतीच. पण खांद्यावर आणि गळ्याशी निळेकाळे ठिपके पडले होते, कुठं लहान, कुठं मोठे, काही धड नाही आणि काही सारखं नाही. उन्हात ते ठिपके चमकत होते. पाखरू भुर्रकन उडून गेलं तरी मामंजी जास्वंदीकडंच पाहत होते.

"रंगाच्या हंड्यात निम्मा बुडवून काडल्यागत दिसतोय," ते म्हणाले. मग हसायला लागले. हसताना कमरेत कळ आली, तरी हसत राहिले. "एकच हाय गं! लिही. माजी चूक झाली म्हनून लिही. सायबाला कळव."

"चूक नाही म्हणणार ते, मामंजी."

"म्हनू देत न्हायतर न्हाय. मी बघितलं न्हवं का डोळ्यानं! असं कुनाला बघाया मिळतंय?"

संक्रांतीनंतर शेवगा भरभरून फुलला. पाखरू पुरतं निळं झालं. मग शेंगा लागल्या, आत्याबाईंनी गल्लीत घरोघर वाटल्या. आणि चैत्र सरता सरता वळवाचा पाऊस आला. शेवग्याचं लाकूड ठिसूळ. वाऱ्यानं मोठी फांदी मोडली आणि मागाच्या छपरावर पडली. कौलं फुटली, पाणी थेट मागावर. ह्यांनी चढवलेला अख्खा ताणा भिजला, रंग एकात एक उतरला. एका सावकाराच्या घरच्या लग्नाची लुगडी होती ती.

हे सहसा रागावत नाहीत. त्या दिवशी कुऱ्हाड घेऊन परसात उभे राहिले, पण हात उचलेना. बाजेकडं पाहत राहिले. मीही पाहत होते. मामंजींनी मोडलेल्या फांदीकडं, फुटलेल्या कौलांकडं पाहिलं.

"तोड," ते म्हणाले. "घर चालतंय मागावर. शेवगा काय, बुडख्यातनं परत फुटंल."

झाड पडलं ते जास्वंदीवर. जास्वंदही चिरडली. दुपारपर्यंत परस मोकळं झालं. उन्हात बाज कशी टाकायची, म्हणून ती सोप्यात आली, मागाशेजारी, जिथं मामंजींना राहायचं नव्हतं तिथंच. संध्याकाळी मी आले तर ते पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी थोडा वेळ शेजारी बसले आणि मग चुलीकडं गेले. आत्याबाई मला चुलीपाशी म्हणाल्या, "परत तसंच चालू झालं बघ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर मारुतीचं लहान देऊळ होतं आणि त्यासमोर जुना करंज. त्या दिवसांत करंज फुलावर होता. खाली फिकट जांभळ्या फुलांचा सडा पडायचा आणि वर मधमाश्यांचा असा घूं आवाज की देवळातलं बोलणं ऐकू येऊ नये. शाळेतून येताना मी तिथून येत असे. मी मामंजींना त्या झाडाचं सांगितलं. मनात काही ठरवून नव्हे, रोज काहीतरी सांगायची सवय झाली होती म्हणून.

"कुठल्या माश्या?" त्यांनी भिंतीकडूनच विचारलं.

"बारक्या पण आहेत, मोठ्या पण. मला नीट ओळखता येत नाही."

"मोठ्या म्हंजे आग्या?"

"ते कसं कळायचं?"

"बघितल्याबिगर कसं सांगू?" ते चिडून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ह्यांच्याकडं सुतारानं दिलेली कुबडी मागितली. अपघातानंतर आणलेली ती कुबडी वळचणीला तशीच पडून होती. तिला एकदाही हात लावला नव्हता. हे एका बाजूला, कुबडी दुसऱ्या बाजूला, असे ते उंबऱ्याबाहेर पडले. गल्लीतले माग एकामागून एक थांबले. माणसं दारात येऊन उभी राहिली. अर्ध्या वाटेवर मामंजी घामानं भिजले आणि एका ओट्यावर बसले. हे म्हणाले, "आण्णा, परत जाऊ." मामंजींनी मान हलवली. थोडं पाणी प्याले आणि उठले.

करंजाखाली पोचले तेव्हा फुलं त्यांच्या डोक्यावर पडत होती. देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी वर पाहिलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आग्या न्हायत. साध्याच हायत." आणि एवढं बोलून डोळे पुसले.

मग रोज जाऊ लागले. पहिल्यांदा ह्यांना धरून, मग आत्याबाईंना धरून, मग एकटे. आत्याबाई पानाचा डबा घेऊन पायरीवर बसायच्या. ज्या बाया विहिरीवर माझ्या चपलांबद्दल बोलायच्या, त्या घागरी ठेवून झाडाकडं बघत उभ्या राहू लागल्या आणि आपापल्या माहेरच्या झाडांवर काय काय यायचं ते सांगू लागल्या. त्यातलं जे आज दिसलेलं नाही ते मामंजी लिहू देत नसत. "माहेरचं न्हाय. आज काय बघितलंस ते बोल," म्हणत.

त्याच साली पावसाळ्याच्या तोंडावर साहेबांनी सगळ्या बघणाऱ्यांना टिळकवाडीत आपल्या घरी बोलावलं. टांगा करून मी मामंजींना घेऊन गेले. ओसरीवर पंधरा-वीस माणसं असतील. एक लेडी डॉक्टर, खानापूरकडचा एक कानडी मास्तर, येळ्ळूरचे दोघे भातकरी, निपाणीजवळचा एक तंबाखूवाला शेतकरी. कुणी मराठीत बोले, कुणी कानडीत, साहेब मधे उलगडून सांगत. त्यांनी एकेकाचे कागद वाचले. शिंजीराची गोष्ट निघाली तेव्हा ते म्हणाले, "दोन पक्षी आहेत असं इथल्या चौघांनी लिहिलं होतं. त्यातले एक डॉक्टर आहेत." डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांनी हात वर केला. मामंजींनीही हात वर केला.

तंबाखूवाल्याचा कागद जवळजवळ कोराच होता. तो ओशाळून म्हणाला, "मी तरी काय लिवू? आमच्याकडं फूलच न्हाय. तंबाखूला कळी धरली की आमी शेंडा खुडतो. न्हायतर पान जाड हुईत न्हाय. नदरंच्या टप्प्यापतूर शेत हाय, पर फूल न्हाय."

"एक बी फूल न्हाय?" मामंजींनी विचारलं. "मग तिकडच्या माश्या खात्यात काय?"

तंबाखूवाल्यानं साहेबांकडं पाहिलं.  "ते कुणी पाहिलेलं नाही," साहेब म्हणाले. परतताना टांग्यात मामंजी त्याच विचारात होते. इतकी वर्षं निपाणीच्या बाजाराला जात होते, पण रस्त्याकडेच्या शेतांना फूल नाही हे कधी त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी माझ्या बदलीचा हुकूम आला. लोकल बोर्डाच्या निपाणीच्या शाळेत हेडबाई म्हणून. बढती होती, पण घरात बातमी सांगताना मला ती मरणाची बातमी सांगितल्यासारखं वाटलं. ह्यांना माग सोडून येता येणार नव्हतं. सून परगावात एकटी कशी राहणार? आत्याबाईंनी सरळ सांगितलं, "नोकरी सोड. झाली तेवढी लई झाली." हे उठून मागावर बसले. मी राजीनामा लिहायला बसले.

मामंजी सोप्यात बसून ऐकत होते. म्हणाले, "मी जातो तिच्यासंगट."

"तुमी?" आत्याबाई म्हणाल्या. "पांगळं मानूस! तिथं तुमचं कोन करनार?"

"ती करंल. आणि मी तिची राखन करीन. सासरा संगट हाय म्हटल्यावर कोन बोलंल?" मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "हितं मी मागाशेजारी पडून काय करतोय? तुजा धोटा ऐकतोय. तिला जाऊ दे. तिला शाळा चालवता येती."

मामंजींचं माझ्या नोकरीबद्दलचं मत मला त्या दिवशी कळलं. आत जाऊन मी बराच वेळ रडले.

असं आम्ही दोघांनी निपाणीत बिऱ्हाड केलं. गल्लीनं नावं ठेवायची ती ठेवली. तंबाखूच्या वखारीमागं दोन खोल्या होत्या. वारा सुटला की डोळ्यांची आग व्हायची आणि शिंकांनी जीव नकोसा व्हायचा. मामंजी म्हणायचे, आता कळलं हिकडं माशी का येत न्हाय. हे पंधरवड्यातून बाजाराच्या निमित्तानं यायचे. आत्याबाईंनी सहा महिने अबोला धरला आणि मग माझ्या डोहाळजेवणाला लोणच्याची बरणी घेऊन स्वतः आल्या. आमची मुलगी निपाणीतच झाली. मामंजी तिथं कित्येक वर्षं राहिले. मधे युद्ध आलं, कागद मिळेनासा झाला, साहेब थकले आणि ते जमवणं बंद पडलं. आमच्या कागदांचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. मामंजी स्वराज्याचा झेंडा पाहून, त्याच हिवाळ्यात, शहापुरात आपल्या घरी वारले. झोपेत गेले.

निपाणीतली एक संध्याकाळ सांगायची आहे. टिळकवाडीला भेटलेला तो तंबाखूवाला आमचा शोध काढत आला. दिवाळी होऊन गेली होती. म्हणाला, "आण्णा, बियासाठी कडंची चार झाडं राखल्यात. शेंडा खुडला न्हाय. फुलं आल्यात. येता का बघाया?"

त्यानं गाडी आणली होती. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. पानांचं ते हिरवं जड शेत, आणि बांधाकडेला चार उंच झाडं, त्यांना फिकट गुलाबी, लांब नळीची फुलं. काहीच हालचाल नव्हती. मामंजी कुबडीवर रेलून उभे होते. उजेड कमी होत गेला. मी म्हणणार होते, चला, एवढ्यात एका फुलासमोर काहीतरी येऊन थांबलं. हवेत, फुलाला न टेकता. पंख दिसत नव्हते, नुसती थरथर. लांब सोंड नळीत गेली, निघाली, दुसऱ्या फुलात गेली.

"पाखरू हाय का किडा?" मामंजी कुजबुजले.

"पतंग असावा," मी म्हटलं. "मला नाव माहीत नाही."

"मला बी न्हाय," शेतकरी म्हणाला. "मी आजच बघतोय."

आणखी एक आला. मग आणखी एक. मामंजींचा पाय दुखायला लागला असणार, कारण ते कुबडीवरचा भार बदलत होते, पण हलायला तयार नव्हते. शेतकऱ्यानं गाडीतलं घोंगडं काढून बांधावर पसरलं. आम्ही त्यांना दोन्हीकडून धरून हळूहळू खाली बसवलं आणि त्यांच्या दोन बाजूंना आम्हीही बसलो. अंधार पडायला अजून थोडा अवकाश होता.